जास्तीचा अर्धा तास

धाराशिवच्या कडेची शेतं मोडून प्लॉटिंग पडलं, घरं चौपट झाली, पाण्याची टाकी मात्र होती तेवढीच राहिली. अख्ख्या गल्लीत एक नळ आणि त्याला बारा दिवसांनी पाणी. व्हॉल्व्ह सोडणारा गुंडाप्पा कुणाच्या विनवण्यांना भीक घालायचा नाही. फक्त गल्लीत मयत झालं, तर तो पाळी नसतानाही अर्धा तास पाणी सोडायचा. मढ्याला आंघोळ घालायची असते, खांदेकऱ्यांना अंग धुवायचं असतं. तिथं नाही कसं म्हणणार?

तारामतीबाई आपली तांब्याची घागर घेऊन येरमाळ्याहून लेकाकडं राहायला आल्या, त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत शेजारीण कधी उंबरा चढली नव्हती. पण परवा त्यांनी अंथरूण धरलं आणि सगळी गल्ली घरात लोटली. कुणी कपाळाला हात लावून बघितला, कुणी नाडी धरली, कुणी सुनेला विचारलं, "डॉक्टर नेमकं काय म्हणले?"

"लई जीव लावतेत गं माणसं," तारामतीबाई सुनेला म्हणाल्या. "आन् म्या म्हणत हुते, शहरात माया न्हाय."

सून वर्षाराणीनं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

दुपारी जरा हुशारी वाटली, तशा तारामतीबाई भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या. पाण्याच्या पाळीला अजून आठ दिवस होते, तरी नळापासून गल्लीच्या टोकापर्यंत रिकाम्या बादल्या, हंडे, पिंपं ओळीनं मांडून ठेवलेली होती.

सगळ्यात पुढं, नळाच्या अगदी तोंडाखाली, त्यांचीच तांब्याची घागर होती. वर्षाराणीनं सकाळीच घासून लख्ख केलेली.