देवाला वाहिलेलं फूल

देवळासमोरच्या दुकानात यमुताई फुलारी एकेक टोपली उचलून खाली वाकून बघत होत्या.

"आई, काय शोधतेस?" लेकीनं, कुमुदनं विचारलं.

"कुठंतरी उंदीर मेलाय गं. काय घाण वास..."

त्या एकदम थांबल्या. तापाच्या साथीत साऱ्या माणसांना वास येणंच बंद झालं, त्याला तीस वर्षं झाली होती. त्यानंतर जन्मलेल्या कुमुदला तर तो कधी आलाच नव्हता. मोगऱ्याला कुणी विचारेना, तेव्हा आफ्रिकेतल्या रखरखीत माळावरचं स्टॅपेलिया नावाचं फूल दुकानात आलं. गुबगुबीत, बिनपानांच्या खोडाला तळहाताएवढी फुलाची चांदणी. हारात फार शोभायची. माशा तेवढ्या बसायच्या.

गेल्या सोमवारीच यमुताईंनी दवाखान्यात नाकात वास परत आणणारे नवे थेंब घालून घेतले होते.

त्यांनी हारातलं एक फूल नाकाशी नेलं. ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसतच सुटल्या.

"अगं, तीस वर्षं आपण देवाला हे वाहतोय!"

"पण वास म्हणजे नक्की काय गं?"

यमुताईंनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चल, आधी थेंब घालून घे. आणि मोगरा फुलेपर्यंत या दुकानाकडे फिरकायचं नाही. तुझा पहिला वास त्याचाच असला पाहिजे."