वाऱ्याच्या वरच्या अंगाला

"वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी आहेस!" फिलेमोन पिकअपजवळून ओरडले. "एवढं शिकून आलीस, आणि वारा कुठून येतो ते कळत नाही?"

ओरालिया वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. ओंबीखालचं पान तिने यंत्राच्या चिमट्यात धरलं. उन्हावर पान किती अन्न रांधतं, म्हणजे हवेतला कार्बन किती वेगाने खातं, ते पडद्यावर दिसे. हवा एका नळीतून आत जाई. नळीजवळ कुणी श्वास सोडला की पानाला जास्तीचा कार्बन मिळे आणि आकडा फुगे. म्हणून मोजताना श्वास रोखायचा. मेक्सिकोतल्या याकी खोऱ्यातल्या या प्रयोगशेतावर हा नियम फिलेमोननी, तिच्या वडिलांनीच घालून दिला होता.

आता ते पिकअपजवळ पालथ्या बादलीवर बसले होते, नाकात प्राणवायूची नळी. त्यांच्या छातीतली शिट्टी मधला सगळा गहू ओलांडून ऐकू येत होती.

"कशी आहे माझी सुकडी?"

सुकडी म्हणजे त्यांनी तयार केलेलं वाण. दिसायला काडीसारखं. एप्रिलच्या उन्हात बाकीच्यांची पानं मान टाकतात, हिची टाकणार नाहीत, दाणा भरत राहील, असं ते चौदा वर्षं सांगत आले होते. ज्यांचा आकडा पंचविसाच्या खाली, ती वाणं उद्याच्या बैठकीत बाद होणार होती. पुढचा पेरा पाहायला ते नसतील, हे डॉक्टरांनी ओरालियाला सांगितलं होतं. त्यांना कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

पडद्यावर एकोणीस. तिने दुसरं पान धरलं. अठरा. तिसरं. एकोणीस.

"अगं, झोपलीस का?"

"थांबा ना अपा, आकडा ठरू दे."

ती जे काही शिकली होती, त्यातल्या कशानेही हा आकडा वर जाणार नव्हता. टोपी पुढे ओढून ती यंत्राच्या नळीवर वाकली आणि तिने श्वास सोडला. हळूच. पुन्हा. पुन्हा. आकडा चढत गेला.

"सत्तावीस!" तिने ओरडून सांगितलं.

ते हसतील असं तिला वाटलं होतं.

"तुझ्या आईकडून तोर्तिया करपल्या," ते म्हणाले, "की म्हणायची, आज मुद्दामच खरपूस केल्यात. तिलाही खोटं बोलता यायचं नाही."

"अपा..."

"टोपी हलत होती तुझी. पुन्हा मोज. श्वास रोखून."

पान अजून चिमट्यातच होतं. तिने श्वास रोखला. आकडा खाली येऊ लागला. चोवीस. एकवीस. एकोणिसावर येऊन थांबला. शेतात इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. तिने बटण दाबून आकडा नोंदवला आणि श्वास सोडला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, शिट्टी ऐकू येत नव्हती. आकडा नोंदवायची वेळ आली की ते लांबूनही आपला श्वास रोखून धरत. पहिल्यापासूनची सवय.

"झालं, अपा!" तिने हाक मारली. "सोडा आता श्वास."

बादलीवर बसलेल्या फिलेमोनची मान छातीवर झुकलेलीच होती.

"अपा, झालं. मोजून झालं."