विसराळू कुठली!

"काल डबा शाळेत, परवा कंपासपेटी रिक्षात, सोमवारी तर चक्क एक बूट! असं विसरतं का गं कुणी?" स्कूटर चालवता चालवता बाबा मागे न बघता ओरडत होते. आई परगावी गेलेली, म्हणून आठवडाभर राहीला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. "सातचा पाढा म्हण."

मागून उत्तर आलं नाही.

"रुसून काही होणार नाही. आज पाण्याची बाटली तरी घेतलीस का?"

तरी शांतता. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला टक लावून बघायला लागला. बाबांनी त्यालाच विचारलं, "तुमचीही अशीच आहे का हो, विसराळू?" त्याने घाईघाईने रिक्षा पुढे घेतली.

शाळेच्या फाटकाशी स्कूटर थांबली. "उतर." कुणीच उतरलं नाही. वॉचमनने बाबांच्या पायाशी ठेवलेलं दप्तर बघितलं, मग मागची रिकामी सीट. "साहेब, पोरगी कुठंय?" फाटकाशी गप्पा मारणाऱ्या आयांनी एकदम माना वळवल्या.

पेट्रोल भरायला सीट उघडावी लागते, म्हणून बाबांनीच राहीला पंपावर खाली उतरवलं होतं.

ते तसेच मागे फिरले. हवा भरायच्या मशीनशेजारी, कुणीतरी दिलेल्या खुर्चीत ती बसली होती. रडून नाक लाल झालेलं. बाबा स्कूटर तशीच सोडून तिच्याकडे धावले. राहीने घाबरून छातीशी धरलेली बाटली पुढे केली.

"ओरडू नकोस ना बाबा. आज बाटली नाही विसरले मी."