चाचणीपुरतं

सोमवारी हार्ड डिस्कमधले दिवंगत तात्या रोजच्यासारखे कुरकुरले, "वैजू, चहा पाजता येत नाही, तर निदान उकळल्याचा आवाज तरी ऐकव!" वैजयंती हसली. सांगायचं ते याही दिवशी राहिलं.

मंगळवारी वर्ष भरलं. डिस्क मृताला वर्षभरच मिळे. मग ती दुसऱ्याच्या घरी जाई. डिस्क देणाऱ्या केंद्रात शेडगेबाईंनी तात्यांना तिच्यावरून पुसून टाकलं आणि डिस्क नव्या संगणकाला जोडली.

"आता आवाज नीट उतरतो का बघू. काहीही बोला, ताई. लगेच पुसते."

"कुणी ऐकणार नाही ना?"

"आत आहे कोण आता?"

वैजयंती माइककडे वाकली. "तात्या, दवाखान्यातून तुम्ही तीनदा फोन केलात. मी जागीच होते. मुद्दाम उचलला नाही."