येतो
फेसबुकला कंटाळून वाचकांनी तिथला गट मोडायचं ठरवलं, तेव्हा तलवाड्याच्या विश्वेश्वर गुरुजींनी धीर करून लिहिलं, "मॅस्टोडॉन नावाच्या फेसबुकसारख्याच दुसऱ्या साइटवर छोटीशी जागा केलीय. तिथं कंपनीची मालकी नाही. पुस्तकांवर बोलू." गटाच्या शेवटच्या दिवशी त्याखाली त्रेचाळीस जणांनी लिहिलं, "येतो, गुरुजी." गुरुजी हरखले. नव्या जागी रोज एका पुस्तकाबद्दल लिहून "या, बसा" म्हणू लागले. महिना झाला तरी कुणी फिरकलं नाही. आपलं लिहिणंच रटाळ असेल, असं त्यांना वाटलं. एका संध्याकाळी गटातले दुकानदार अमरनाथ चहाला आले. गुरुजींनी चाचरत विचारलं, "तुम्हीसुद्धा 'येतो' लिहिलं होतं ना?" अमरनाथ हसले. "निघताना माणूस 'येतो'च म्हणतो की, गुरुजी! 'जातो' कावून म्हणावं? तुमी लई भोळे." कप ठेवून ते उठले. "येतो." "या," गुरुजी म्हणाले. दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही.