जुना आवाज

आईचं तेरावं आटोपून उत्तरा कामावर आली, तेव्हा ऑफिसच्या दाराने तिला ओळखलं नाही. दार, संगणक, बँक, घराचं कुलूप, सगळं आता एकाच खात्याला जोडलेलं होतं आणि माणसाच्या आवाजावरच उघडायचं. दोनदा नाव सांगून झालं होतं.

"मॅडम, आवाज रोज थोडा बदलतो, यंत्रही रोज थोडं शिकतं," सुरक्षा विभागातले कुडतरकर म्हणाले. "तुम्ही तेरा दिवस त्याच्याशी बोललाच नाहीत. त्याला सुतक थोडंच कळतं?"

खरंच होतं. भेटायला येणाऱ्यांसाठी घराचं दार सताड उघडं होतं, आणि रडून तिचा घसा बसला होता.

"तिसऱ्यांदा चुकलं तर?"

"खातं पुसलं जाईल. नवं काढून देऊ."

आईचे सगळे निरोप त्याच खात्यात होते.

"नाव राहू द्या," कुडतरकर हळूच म्हणाले. "तोंडात बसलेलं काहीतरी बोला. रोजचं."

रोज याच पायरीवरून ती आईला फोन करायची. तिने डोळे मिटले.

"आई, पोचले गं."

दार उघडलं. कुडतरकर आत बोलावत होते, पण उत्तरा पायरीवरच उभी राहिली, पलीकडून "बरं" ऐकू येण्याची वाट पाहत.