थंडीतला घाम

चपराक इतकी सणसणीत बसली की अंबरीशचा चष्मा उडून गाडीच्या डिकीवर पडला. खालचा ओठ फुटला.

इंडस्ट्रियल एरियातल्या सिग्नलला एक स्कूटर मागून त्यांच्या गाडीवर आदळली होती. अंबरीश उतरून "भाईसाहब, जरा देख के," एवढंच म्हणाला होता. स्कूटरवाला पन्नाशीचा, अंगात स्वेटर, तोंडात अखंड शिव्या. बघता बघता गर्दी जमली. "पी के आया है," कुणीतरी म्हणालं. एकानं बाह्या सरसावल्या. अंबरीशनं स्कूटरवाल्याची कॉलर धरली. आजवर त्यानं कुणावर हात उगारला नव्हता. पण आता सगळं अंग मुठीत गोळा झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडत होतं.

"अंबरीश, सोड त्यांना."

विनया, त्याची बायको, गाडीतून उतरून दोघांच्या मध्ये आली होती.

"मारलंय त्यानं मला!"

"दिसलं मला. त्यांच्या कपाळाकडे बघ."

जानेवारीतलं धुकं अजून विरलं नव्हतं. माणसं शालींत गुरफटलेली होती, आणि तो माणूस घामानं निथळत होता. त्याची बोटं थरथरत होती. विनयानं पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"दारू नाहीये. साखर उतरलीय. मेंदू उपाशी पडला की माणूस असाच अंगावर धावून येतो." मग ती गर्दीकडे वळली. "कोई हाथ नहीं लगाएगा. मैं डॉक्टर हूँ. भैया, चीनी घोल के पानी लाओ, जल्दी!"

चहावाल्यानं आणलेला पहिला ग्लास त्या माणसानं फटका मारून उडवला. पाणी विनयाच्या शालीवर सांडलं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

"दूसरा लाओ," ती म्हणाली. मग अगदी हळू, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, "वीरजी, एक घूँट. बस एक."

तो प्यायला. मग आणखी. तिनं त्याला फुटपाथवर बसवलं आणि त्याचं मनगट धरून शेजारी बसली.

अंबरीश बघत राहिला. रोज ती वॉर्डातून दमून घरी यायची. आज काय झालं विचारलं, की "काही नाही, नेहमीचंच" म्हणायची. नेहमीचं म्हणजे हे होतं तर.

हळूहळू त्या माणसाची नजर ठिकाणावर आली. त्यानं आडवी पडलेली स्कूटर पाहिली, गर्दी पाहिली.

"सुबह इन्सुलिन की सुई ली थी जी," तो खजील होऊन म्हणाला. "नाश्ता रह गया." मग त्याचं लक्ष अंबरीशच्या ओठाकडे गेलं. तो एकदम कळवळला. "हाय रब्बा! बेटा, तुम्हें किसने मारा?"

बाह्या सरसावलेला माणूस सिग्नलकडे बघू लागला.

"दरवाज़ा लग गया, जी," अंबरीश म्हणाला.

विनयानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एका हातात त्या माणसाचं मनगट होतंच. दुसऱ्या हातानं तिनं अंबरीशचं धरलं आणि त्याला खाली ओढलं.

"तूही बस," ती म्हणाली. "तुझी नाडी यांच्याहून जोरात पळतेय."